नागपुरी संत्रं, दूर्वेचे परागकण आणि ‘ॲलर्जी’ची दोनशे वर्षं

‘मला संत्र्याची ॲलर्जी आहे’ हे वाक्य नागपुरात बोलायला जरा हिंमत लागते. मी धरमपेठेत राहते. दिवाळीच्या आगेमागे गोकुळपेठेच्या बाजारात संत्र्यांचे ढीग दिसू लागतात, आणि बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या हातात संत्र्यांची पिशवी देणं हा इथला रिवाजच आहे. तरी हे वाक्य कानावर पडतंच. कुणाचं तोंड खाजतं, कुणाचा घसा धरतो, कुणाच्या लेकराच्या ओठांभोवती लाल चट्टे उठतात. मग घरात फर्मान निघतं: आंबट बंद. काही घरांत रक्ततपासणीचा कागदही येतो. त्यात दहा-बारा फळांपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि लेकराच्या डब्यातून अर्धा बाजार गायब होतो.

संशोधनाच्या दृष्टीने तुम्ही या फर्मानाकडे पाहा. ‘संत्र्याची ॲलर्जी’ म्हणजे नक्की कशाची? कुठल्या संत्र्याची? आणि तिचा हवेतल्या परागकणांशी संबंध असतो हे कुणाला, कुठे, कसं कळलं? या शेवटच्या प्रश्नाचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण फळं आणि पराग यांचा जो नकाशा आज पुस्तकांत छापलेला असतो, तो प्रयोगशाळा जिथे होत्या तिथल्या झाडांचा आहे. आपण तो तसाच नागपूरवर पसरतो.

आधी थोडी साफसफाई. संत्र्याने होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जी नसतो. लहान मुलांच्या ओठांभोवतीची लाली बहुतेक वेळा रसातल्या आम्लाने होते. नाजूक कातडी चुरचुरते, थोड्या वेळाने उतरते. लिंबाचा रस हाताला लागला आणि लगेच कडक उन्हात गेलं, तर रसातल्या फ्युरोकूमरिनांमुळे त्वचा भाजल्यासारखी होते. तीही ॲलर्जी नाही. सालीच्या तेलातलं लिमोनीन हवा लागून ऑक्सिडीकृत झालं की त्याने हाताला इसब होऊ शकतो. ती मात्र ॲलर्जीच, पण वेगळ्या जातीची: एकदोन दिवसांनी उमटणारी, पेशींमार्फत चालणारी. आज आपण बोलतोय ते चौथ्या प्रकाराबद्दल. फोड तोंडात टाकली की काही मिनिटांत ओठ, टाळू, घसा खाजायला लागतात. हे आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचं काम.

आता मागे जाऊ. १८१९ साली जॉन बोस्टॉक या लंडनच्या डॉक्टरने वैद्यकीय सभेपुढे एक रुग्ण मांडला: दरवर्षी जूनमध्ये डोळे खाजतात, नाक वाहतं, छाती भरते. रुग्ण तो स्वतःच होता. पुढे १८२८ मध्ये त्याने आणखी अठ्ठावीस रुग्ण गोळा केले. मात्र दोष त्याने उन्हाळ्याच्या उष्म्याला दिला. वाळल्या गवताला, म्हणजे ‘हे’ला, लोक दोष देत होते, ते त्याला पटलं नव्हतं. लोकांचा तर्क डॉक्टरपेक्षा बरा निघाल्याचं हे एक छान उदाहरण आहे.

खरा प्रयोग झाला १८७३ साली छापलेल्या पुस्तकात. मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅकली हाही स्वतःच रुग्ण. त्याने गवताचे पराग स्वतःच्या नाकात घातले, हात खरवडून त्यावर लावले, गांधी उठताना पाहिली. चिकट काचपट्ट्यांवर रोजचे पराग मोजले आणि पतंगाला काच बांधून वरच्या हवेतलेही पकडले. आज दवाखान्यात जी त्वचाचाचणी करतात तिची सुरुवात इथे आहे.

आणि त्याच वर्षी, १८७३ मध्येच, कलकत्त्यात आणखी एक पुस्तक निघालं. डग्लस कनिंगहॅम या लष्करी डॉक्टरने तिथल्या तुरुंगांच्या आवारात हवेतले कण पकडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्याचं यंत्र म्हणजे वाऱ्याच्या दिशेला आपोआप तोंड फिरवणारा एक शंकू आणि आत चिकट काच. त्याला शोधायचा होता पटकी आणि तापाचा हवेशी संबंध. तो सापडला नाही. सापडले ते असंख्य बुरशीचे बीजाणू आणि पराग, आणि त्यांची सुंदर चित्रं त्याने काढून ठेवली. आता दोघांना शेजारी ठेवून बघा. पद्धत जवळपास एकच, वर्षही एकच. एकाला पराग हे उत्तर होतं, दुसऱ्याला तो वाटेतला कचरा. माझ्या गाईडने पहिल्या वर्षी प्रश्न लिहून आणायला लावले, तेव्हा मी वैतागले होते. कनिंगहॅम वाचल्यावर तो वैताग गेला.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केचा. अन्न आणि पराग मात्र एकाच कथेत आले ते १९२१ मध्ये, ब्रेस्लाऊ या शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफ). कार्ल प्राउस्निट्झला गवताच्या परागांचा त्रास होता आणि हाइन्झ क्युस्टनरला माशाचा. क्युस्टनरचं सीरम प्राउस्निट्झच्या कातडीत टोचलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि गांधी उठली. प्राउस्निट्झला माशाचा काही त्रास नव्हता बरं का! म्हणजे रक्तात काहीतरी होतं जे एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येत होतं. गंमत म्हणजे क्युस्टनरला शिजवलेला मासा बाधायचा, कच्चा नाही. हे लक्षात ठेवा, कारण फळांचं बरोबर उलटं असतं.

ते उलटं १९४२ मध्ये अमेरिकेत लुई टफ्ट आणि जॉर्ज ब्लूमस्टीन यांनी लिहिलं. ताज्या फळाने तोंड खाजणाऱ्या माणसांना तेच फळ शिजवून दिलं तर चालायचं. तयार अर्काने केलेली त्वचाचाचणी फसायची, ताज्या रसाने केलेली लागू पडायची. याचा सरळ अर्थ, त्रास देणारा पदार्थ नाजूक आहे, उष्णतेने आणि साठवणीने मोडतो. यावरून पुढे १९८३ मध्ये स्वीडनच्या ड्रेबोर्ग आणि फूकार यांनी साधी युक्ती केली: सुई आधी ताज्या फळात टोचायची, मग तीच कातडीत. आजही फळांसाठी ही रीत बाटलीतल्या अर्कापेक्षा भरवशाची मानतात. संत्र्याची बर्फी पचते पण फोड खाल्ली की टाळू खाजते, असं कुणी सांगितलं तर त्याची चेष्टा करू नका. त्या तक्रारीत जीवरसायन आहे.

रक्तातलं ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई. १९६६ च्या सुमारास डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने ते वेगळं ओळखलं. १९६७ मध्ये उप्सालात योहान्सन आणि बेनिक हे वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. १९६८ मध्ये नाव पक्कं झालं. इथून पुढे कुणाच्या रक्तात कशाविरुद्ध आयजीई आहे हे मोजता येऊ लागलं, आणि फळ-परागाचा नकाशा भराभर भरू लागला.

पण भरणारे कुठे होते ते बघा. १९७७ मध्ये फिनलंडच्या हान्नुकसेला आणि लाहती यांनी बर्चच्या परागाने त्रस्त लोकांना सफरचंद, गाजर, बटाटा कसे बाधतात ते दाखवलं. १९८७ मध्ये लंडनमधून ‘ओरल ॲलर्जी सिंड्रोम’ हे नाव आलं. १९८९ मध्ये व्हिएन्नात ब्राइटेनेडर आणि सहकाऱ्यांनी बर्चच्या मुख्य ॲलर्जनचं जनुक वाचलं, तर ते वाटाण्याच्या रोगप्रतिकारक जनुकासारखं निघालं! म्हणजे हे प्रथिन पराग आणि फळ दोघांकडेही असलेल्या एका जुन्या संरक्षक घराण्यातलं होतं. सफरचंदातला त्याचा भाऊबंद सापडला आणि ‘बर्च-सफरचंद’ ही जोडी पाठ्यपुस्तकात कायमची जाऊन बसली.

आता नागपुरात बर्च कुठे आहे? बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा युरोपीय भाऊ, आणि आपला भूर्ज हिमालयात. अंबाझरीला शोधून सापडायचा नाही. संत्र्याच्या ॲलर्जीच्या कहाणीतही बर्चचं ते मुख्य प्रथिन नायक नाही. मग कोण आहे?

उत्तर स्पेनमधून आलं, आणि ते साहजिक आहे, कारण तिथे संत्री पिकतात. २००५-०६ च्या काळात माद्रिदच्या संशोधकांनी संत्र्याची दोन मोठी ॲलर्जन नीट ओळखली: सिट एस १ आणि सिट एस २. (नावं वाचायची पद्धत सोपी आहे. वंशाच्या लॅटिन नावाची पहिली तीन अक्षरं, जातीचं एक, मग क्रमांक.) सिट एस ३ हे तिसरं, लिपिड ट्रान्स्फर प्रथिनांच्या घराण्यातलं, ते उष्णता आणि जठररस दोन्ही सोसतं, म्हणून त्याची प्रतिक्रिया तोंडापुरती राहीलच असं नाही.

सिट एस १ ची गोष्ट प्रत्येक नव्या संशोधकाने वाचावी. बऱ्याच रुग्णांच्या रक्तातलं आयजीई त्याला चिकटतं. म्हणून पहिल्यांदा वाटतं, सापडला चोर. पण ते बहुतांशी चिकटतं प्रथिनावर लटकलेल्या साखरेच्या साखळ्यांना, आणि अशा साखळ्या असंख्य वनस्पतींमध्ये असतात. या साखळ्यांविरुद्धचं आयजीई सहसा त्रास देत नाही. हा सापळा १९८१ मध्येच ॲमस्टरडॅममध्ये आल्बर्से, कोष्टे आणि क्लेमेन्स यांनी दाखवून दिला होता (माझ्या वैदर्भी डोळ्यांनी यातलं मधलं नाव लगेच टिपलं). भाज्या, पराग आणि मधमाशी-गांधीलमाशीचं विष या सगळ्यांना एकच आयजीई चिकटताना त्यांना दिसलं. वर ज्या तपासणीच्या कागदाबद्दल बोलले, दहा-बारा फळांपुढे ‘पॉझिटिव्ह’, त्याचं एक कारण हेच असू शकतं. रक्तात प्रतिपिंड असणं ही एक गोष्ट आणि खाल्ल्यावर आजार होणं ही दुसरी. पहिलीला संवेदनशीलता म्हणतात, ॲलर्जी म्हणतात ती दुसरीला. तुमच्या प्रबंधात या दोन शब्दांची सरमिसळ झाली, तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाही, आणि सोडू नये.

सिट एस २ हे प्रोफिलिन. हे प्रथिन १९७७ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते वासराच्या प्लीहेत, पेशीच्या सांगाड्याचा अभ्यास करताना. ॲलर्जीशी काही देणंघेणं नव्हतं. १९९१ मध्ये रुडोल्फ व्हॅलेन्टा आणि सहकाऱ्यांनी ते बर्चच्या परागात ॲलर्जन म्हणून ओळखलं, आणि मग लक्षात आलं की प्रोफिलिन प्रत्येक वनस्पतीत आहे आणि सगळीकडे जवळजवळ सारखं आहे. एका परागाविरुद्ध तयार झालेलं आयजीई दुसऱ्या कुठल्याही फळाच्या प्रोफिलिनला ओळखू शकतं. आणि ते नाजूक आहे. शिजवलं, पचनात गेलं की मोडतं. टफ्ट-ब्लूमस्टीनचे रुग्ण आठवले ना?

१९९७ मध्ये स्पेनमध्येच आणखी एक प्रोफिलिन वेगळं केलं गेलं: सिन डी १२. सिनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे हरळी. म्हणजे दूर्वा! गणपतीला आपण वाहतो ती. धरमपेठेतल्या प्रत्येक मैदानाच्या कडेला, प्रत्येक बंगल्याच्या हिरवळीत ती आहे, आणि पावसाळ्यानंतर तिचे बारीक तुरे वाऱ्यावर पराग सोडतात. नागपुरी माणसासाठी फळ-परागाची जोडी शोधायची तर सुरुवात बर्च आणि सफरचंदापासून करण्यात अर्थ नाही, दूर्वा आणि संत्र्यापासून करा. (दूर्वेच्या परागाने शिंकणाऱ्या सगळ्यांना प्रोफिलिनचं आयजीई नसतं, आणि ज्यांना असतं त्या सगळ्यांचं तोंड खाजत नाही. तेव्हा उद्यापासून दूर्वा उपटू नका.)

दुसरा उमेदवार रस्त्याच्या कडेला उभा आहे: गाजर गवत. नावात गवत असलं तरी ते सूर्यफुलाच्या कुळातलं. भारतातली त्याची नोंद १९५०च्या दशकातली, पुण्याहून. १९७४ मध्ये पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहलेखकांनी त्याने होणाऱ्या त्वचादाहावर लिहिलं. १९९१ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या परागाने नाकाचीही ॲलर्जी होते. पुढे त्याचं अमेरिकेतल्या रॅगवीडशी नातं दिसलं, म्हणजे एकाविरुद्धचं आयजीई दुसऱ्याला ओळखतं. आणि रॅगवीडवाल्यांना खरबूज आणि केळं बाधतं हे अमेरिकेत १९७० मध्येच नोंदलं गेलं होतं. हे दुवे एकामागे एक ठेवले की गाजर गवत आणि केळं असा एक प्रश्न तयार होतो. तो प्रश्न आहे, निष्कर्ष नाही. पण नागपुरात बसून विचारण्यासारखा आहे.

तिसरा धागा नवा. सायप्रसच्या परागात आणि पीच, संत्रं अशा फळांत जिबरेलिन-नियंत्रित प्रथिनं सापडली. संत्र्यातलं हे प्रथिन, सिट एस ७, २०१८ मध्ये जपानमधून इनोमाता आणि सहकाऱ्यांनी मांडलं. जपानमध्ये सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडाच्या परागाने लाखो लोक हैराण असतात, तेव्हा हे तिथे सापडणं समजण्यासारखं आहे. हे प्रथिन प्रोफिलिनसारखं नाजूक नाही. त्याच्यामुळे अंगभर गांध्या, डोळ्यांभोवती सूज, क्वचित धाप आणि चक्करही येऊ शकते. असं काही झालं की प्रथिनाचं नाव शोधत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता एक सापळा, ज्यात मी माझ्या ओळखीच्या दोन हुशार मुलांना अडकताना पाहिलंय. इंग्रजी शोधनिबंधातलं ‘ऑरेंज’ म्हणजे आपलं संत्रं नव्हे. सिट एस मधला एस म्हणजे सायनेन्सिस, आणि सिट्रस सायनेन्सिस म्हणजे आपली मोसंबी जिच्यात मोडते ती जात. नागपुरी संत्रं म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, मँडरिन. दोन्ही नातेवाईक आहेत हे खरं. गोड ऑरेंज हा पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आला हे जनुकांवरून कळलंय. प्रथिनंही खूप सारखी असणार. पण ‘खूप सारखी’ हे गृहीतक म्हणून लिहावं लागतं, पुरावा म्हणून नाही. आपलं संत्रं अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून आणून बागेत लावलं असं सांगतात, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच्यासाठी अमरावती रोडवर १९८५ पासून एक अख्खी राष्ट्रीय संशोधन संस्था उभी आहे. एवढं नाव असलेल्या फळाचं प्रथिन दुसऱ्या फळाच्या नावाने उद्धृत करू नये एवढंच.

बागेतल्या माणसांबद्दलही एक इशारा. संत्रा बागायतदाराला बागेत गेल्यावर शिंका आल्या की आपण फुलोऱ्याच्या परागावर बोट ठेवतो. लिंबूवर्गीय फुलांचे पराग चिकट असतात, ते वाऱ्यापेक्षा माश्यांच्या अंगावरून जास्त फिरतात. १९९९ मध्ये कोरियाच्या जेजू बेटावरच्या संत्रा शेतकऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा सर्वांत जास्त संवेदनशीलता दिसली ती पानांवरच्या लाल कोळ्याची. पराग नाही, फळ नाही, कीड! काटोल-वरूडकडे असा अभ्यास करायचा झाला तर कोळी यादीत पहिल्यापासून ठेवावा लागेल.

शेवटी वेळेचा मुद्दा, जो मला सगळ्यात आवडतो. विदर्भात संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात बाजारात येतं. मृग बहार जून-जुलैत फुलतो, त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळा संपता संपता गवतं फुललेली असतात, हवेत त्यांचे पराग भरपूर असतात, आणि नेमकं तेव्हाच आंबियाचं संत्रं घरात येतं. नाक आधीच वाहतंय, घसा आधीच खवखवतोय, आणि दोष जातो हातातल्या फोडीला. किंवा उलट: परागाच्या हंगामात आयजीई चढलेलं असतं म्हणून तेव्हा फोड खरंच जास्त बाधते. आंबिया एकट्याकडे बघून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

मृग बहार मात्र येतो तेव्हा गवतांचा जोर ओसरलेला असतो आणि वावळ पाने यायच्या आधी फुलून पराग उडवत असतो. वेगळा पराग, तेच फळ. म्हणजे तीच माणसं, तीच सुई, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा मार्चमध्ये. आंबियाचं ताजं फळ आणि मृगाचं ताजं फळ. साल, पांढरा गर आणि रस वेगवेगळे टोचायचे. सोबत हरळी, वावळ आणि गाजर गवताच्या परागाची चाचणी. आणि प्रत्येकाला विचारायचं की शिजवलेलं चालतं का. फळाची तारीख, बहार आणि झाड कुठल्या खुंटावर बांधलंय (जंबेरी की रंगपूर लाइम) हे वहीत त्याच दिवशी लिहायचं. महिन्याभराने बागायतदाराला विचारलं तर तो ‘दोन्ही होते’ म्हणतो.